न दिसणाऱ्या मुकादमाचा तराजू

रमजानमध्ये सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास कसा असतो, हे मुंबई, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किंवा पुण्याच्या कॅम्पात राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. फळांच्या गाड्यांभोवती झुंबड असते, भजी तळली जात असतात आणि प्रत्येकाला घरच्या दस्तरख्वानावर वेळेत पोहोचायची घाई असते. याच अर्ध्या तासात काही तरुण मात्र घराकडे पाठ करून निघालेले दिसतात. अंगात कंपनीचा टी-शर्ट, पाठीवर चौकोनी पिशवी, दुचाकीच्या हँडलला अडकवलेला मोबाइल. त्यांच्यातले कित्येक जण स्वतः रोजेदार असतात. अजान कानावर आली की सिग्नलला उभ्या उभ्या एक खजूर तोंडात टाकायचा, बाटलीतले दोन घोट प्यायचे आणि पुढच्या पत्त्याकडे निघायचे, हाच त्यांचा इफ्तार.

अनेक मोहल्ल्यांत आता अशा मुलांसाठी रस्त्याच्या कडेला सरबत आणि फळे ठेवली जातात. चांगली गोष्ट आहे. रोजेदाराला इफ्तार घडवणे हे मोठे पुण्यकर्म मानले जाते. पण सरबताचा ग्लास हातात देताना एक साधा प्रश्न आपल्याला पडायला हवा. या मुलाला वीस मिनिटे थांबायला नेमके कोण मनाई करत आहे? त्याच्या मागे मुकादम उभा नाही, हजेरीपुस्तक नाही. कंपनी तर म्हणते की तू आमचा नोकर नाहीस, ‘पार्टनर’ आहेस, हवे तेव्हा काम कर, हवे तेव्हा ॲप बंद कर. मग तो थांबत का नाही?

कारण ज्या वेळी आपण घरी बसून जेवतो, तीच ॲपची धंद्याची वेळ असते. बहुतेक ॲपांवर रायडरची कमाई दोन भागांत येते. एक भाग प्रत्येक ऑर्डरमागे मिळणारा, तो अंतराप्रमाणे कमी-जास्त होतो. दुसरा भाग प्रोत्साहनाचा, म्हणजे इन्सेन्टिव्हचा. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या संख्येच्या ऑर्डरी पूर्ण केल्या तर तो मिळतो. गर्दीच्या तासांत लॉगइन नसणे, ऑर्डर नाकारणे, एखादी ऑर्डर कमी पडणे, यांपैकी काहीही झाले तरी दिवसभर घाम गाळून जवळ आणलेला इन्सेन्टिव्ह हातचा जाऊ शकतो. पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि मोबाइलचा खर्च रायडरचाच असल्यामुळे पहिल्या भागात फारसे उरत नाही. घर चालते ते दुसऱ्या भागावर. त्यामुळे मनाई कुणीच केलेली नसते आणि तरीही थांबता येत नाही. हुकूम न देता राबवून घेण्याची ही नवी रीत आहे. तिलाच आज जगभर अल्गोरिदमचे व्यवस्थापन म्हणतात.

हिशेब उघडा होता, तो बंद झाला

अल्गोरिदम म्हणजे सोप्या भाषेत पायरी-पायरीने मांडलेला हिशेब. हा शब्दच मुळात नवव्या शतकातल्या बगदादच्या गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आलेला आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ निव्वळ विद्वानांसाठी नव्हता. वारसाहक्काची वाटणी, व्यापारातले व्यवहार, जमिनीची मोजणी अशा रोजच्या गरजांसाठी त्यात गणिते सोडवलेली होती. भावाबहिणींत वाटणी होताना कुणाला किती आणि का, हे प्रत्येकाला पायरीगणिक दाखवता यावे, हाच अशा हिशेबाचा उपयोग. आज त्याच नावाचा हिशेब एका बंद पेटीत ठेवला गेला आहे. तो कंपनीला दिसतो. ज्याच्या पोटावर तो चालतो, त्याला दिसत नाही.

या पेटीत काय काय घडते? कोणती ऑर्डर कुणाला द्यायची, किती मिनिटांत ती पोहोचली पाहिजे, तिचे किती पैसे, आज कुणाला कोणता इन्सेन्टिव्ह दाखवायचा, कुणाचे रेटिंग घसरले, कुणाची आयडी बंद करायची, हे सगळे तिथे ठरते. पूर्वी कारखान्यात हीच कामे जॉबर, मुकादम, टाइमकीपर, हिशेबनीस आणि मॅनेजर मिळून करत. तेही काही संत नव्हते. जॉबरची लाच आणि मुकादमाची दादागिरी यांच्या कहाण्या गिरणगावात आजही सांगितल्या जातात. पण त्यांना चेहरा होता. त्यांच्या टेबलासमोर उभे राहून ‘माझे पैसे का कापले?’ असे विचारता येत असे.

आमच्या वस्तीतला एक विशीतला मुलगा दोन वर्षांपासून हे काम करतो. मध्यंतरी त्याची आयडी दोन दिवस बंद पडली. कारण म्हणून ॲपवर एका ओळीचा संदेश आला, त्यातून काही कळत नव्हते. तक्रारीच्या खिडकीत त्याने लिहिले, तर तयार उत्तर आले. पुन्हा लिहिले, तर पुन्हा तेच. मी त्याला म्हटले, अरे, ऑफिसात जाऊन भांड ना! तो हसला आणि म्हणाला, ‘‘चाचा, भांडू कुणाशी? तिथे माणूसच नाही.’’

त्याच्या या वाक्यात सगळा विषय आला. पिळवणूक जुनी आहे, कमी मजुरीही जुनीच. नवे आहे ते हे की प्रतिकार करायला समोर कुणी ठेवलेलेच नाही.

माग, गिरणी आणि मोबाइल

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर पिढ्यान् पिढ्या काम केलेल्या माणसांना विचारा. मागावरची मजुरीही कामावरच मिळे, महिन्याचा बांधीव पगार नसे. पण कापडाचा दर माहीत असे. एका कारखान्यात दर कमी झाला की चहाच्या टपरीवर तासाभरात ते सगळ्यांना कळे, कारण शेजारच्या मागावरच्या माणसालाही तोच दर असे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी माणसे भेटतात, बोलतात, कुणाचे काय चालले आहे ते एकमेकांना कळते. संघटना उभी राहते ती अशाच जागांवर. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणले, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्या लढ्यांमागेही गिरणीचे एकच गेट, एकच भोंगा आणि सगळ्यांना लागू असलेले एकच वेतन होते. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १९८२ साली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मोडला, गिरण्या गेल्या. पण संप झाला हे मालकाला, सरकारला आणि मुंबईला दिसले तरी होते.

ॲपवर ही तिन्ही माणसे जोडणारी सूत्रे तुटतात. गेट नाही, कारण कामाची जागा म्हणजे अख्खे शहर. भोंगा नाही, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. आणि समान दरही नाही. एकाच हॉटेलाबाहेर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांना वेगवेगळे लक्ष्य आणि वेगवेगळा इन्सेन्टिव्ह दिसू शकतो. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक वीणा दुबल यांनी या प्रकाराला अल्गोरिदमचा वेतनभेद म्हटले आहे. एकाच कामाला प्रत्येकाला वेगळे पैसे आणि ते का वेगळे, हे कुणालाच ठाऊक नाही. जिथे दरच एक नाही, तिथे ‘दर वाढवा’ ही घोषणा कोणत्या दराबद्दल द्यायची?

तरीही मुले गप्प बसलेली नाहीत, हे नमूद केले पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या शहरांत ब्लिंकिटच्या रायडरांनी काम थांबवले. प्रत्येक ऑर्डरमागचे किमान पैसे २५ रुपयांवरून १५ रुपयांवर आणून वर अंतराचे वेगळे गणित लावले गेले होते. कंपनीच्या अनेक गोदामांचे काम काही दिवस ठप्प झाले. आंदोलनात उतरलेल्यांच्या आयडी बंद झाल्याच्या तक्रारीही तेव्हा पुढे आल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये अर्बन कंपनीसाठी घरोघरी सौंदर्यसेवा देणाऱ्या महिला कंपनीच्या कार्यालयाबाहेर बसल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या पुन्हा बसल्या, तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम मागण्यासाठी न्यायालयात गेली. ज्यांना नोकर मानायचेच नव्हते, त्या ‘पार्टनर’ महिलांनी दारात बसू नये म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली.

अलीकडची घटना २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ची. दहा मिनिटांत सामान पोहोचवण्याची सक्ती थांबवा, आधीची मोबदला पद्धत परत आणा, मनमानी आयडी-बंदी बंद करा, अशा मागण्या घेऊन ॲपवरच्या कामगारांच्या संघटनांनी देशभर बंदची हाक दिली. ३१ तारखेच्या रात्री गर्दीच्या तासांसाठी इन्सेन्टिव्ह वाढवण्यात आले. सणासुदीला आम्ही दरवर्षीच असे करतो, असे कंपन्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी झोमॅटो-ब्लिंकिटच्या संस्थापकांनी विक्रमी ७५ लाख ऑर्डरी पोहोचवल्याचे जाहीर केले. संप फसला, असा त्याचा अर्थ अनेकांनी काढला.

मला त्यात दुसरे काही दिसते. गिरणीमालकाला संप फोडायचा तर बदली कामगार आणावे लागत, गेटवर पोलीस लागत. इथे पडद्यावरचा एक आकडा बदलला की पुरते. वर्षभर आयडी आणि हप्त्याच्या काळजीत असलेल्या मुलाला त्या एका रात्री नेहमीपेक्षा बरेच जास्त पैसे दिसतात. त्याने काम केले म्हणून त्याला गद्दार म्हणण्याची माझी तयारी नाही. घरी म्हातारे आईवडील आणि शाळेतली भावंडे असताना तो ॲप बंद करू शकला नाही, तर ती त्याच्या मनाची कमजोरी नव्हे. ज्या हातात आकडा आहे, त्या हाताची ती ताकद आहे. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी मध्यस्थी केल्यावर ब्लिंकिटने जाहिरातीतला दहा मिनिटांचा दावा काढून टाकला, हेही खरे. आंदोलनाचा दबाव अगदीच वाया गेला नाही. पण जाहिरातीतला आकडा उतरला म्हणून ॲपच्या आत रायडरला कोणते गणित लागू आहे, ते आपल्याला कळत नाही.

ॲपने दिलेलेही मान्य करू

या व्यवस्थेची एक बाजू आमच्या समाजाने विशेष प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. मुलाखतीच्या टेबलावर नाव ऐकून चेहरा बदलणारे साहेब आमच्या मुलांनी पाहिले आहेत. पत्ता ऐकून ‘कळवतो’ म्हणणारेही पाहिले आहेत. ॲपने हे काही विचारले नाही. लायसन्स, आधार, बँकेचे खाते, दुचाकी एवढे असले की दोन दिवसांत काम सुरू. शिक्षण अर्धवट सुटलेल्या, शिफारस नसलेल्या लाखो तरुणांना, मग ते कोणत्याही जातिधर्माचे असोत, या दाराने आत घेतले. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ मध्ये अशा गिग कामगारांची संख्या ७७ लाख असल्याचा अंदाज होता आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असे म्हटले होते. त्यामुळे ‘ॲप बंद करा’ ही मागणी कुणी करत नाही आणि करूही नये.

पण दारात न विचारलेले नाव आतल्या खोलीत विचारले जाऊ शकते. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने रायडर मुस्लिम आहे म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली आणि ते समाजमाध्यमावर अभिमानाने लिहिले. कंपनीने रायडर बदलायला नकार दिला. अन्नाला धर्म नसतो अशी भूमिका तिने घेतली आणि देशभर तिचे कौतुक झाले, ते योग्यच होते. त्या ग्राहकाने निदान कारण लिहिले होते. कारण न लिहिता जो चुपचाप एक तारा देऊन मोकळा होतो, त्याचे काय? रेटिंगच्या सरासरीत तो तारा मिसळून जातो. घाणेरड्या मनाचा तारा आणि गार झालेल्या बिर्याणीचा तारा यांत यंत्राला फरक कळत नाही. पावसाने उशीर झाला, लिफ्ट बंद होती, वॉचमनने अडवले, हॉटेलनेच पदार्थ उशिरा दिला, हे सगळेही रायडरच्याच खात्यात जमा होते. मुकादम पक्षपाती असला तर त्याच्याविरुद्ध बोलता तरी येत असे. आकडा निष्पक्ष दिसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणारा खोटा वाटतो.

मजुरी आधी ठरवा

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याकडे भाषणांत नेहमी सांगितली जाते. तिच्या शेजारची दुसरी शिकवण मात्र फारशी सांगितली जात नाही. माणसाला कामावर लावण्याआधी त्याची मजुरी किती, ते त्याला कळले पाहिजे. इस्लामी विधिशास्त्रात मजुरीच्या कराराला ‘इजारा’ म्हणतात. काम कोणते आणि मोबदला किती, हे दोन्ही पक्षांना स्पष्ट ठाऊक असणे ही त्याची अट आहे. मोबदला धूसर ठेवला तर करारात ‘गरर’ म्हणजे फसवी अनिश्चितता येते आणि असा करार सदोष ठरतो. ‘शंभर पोती उचल, मग बघू किती द्यायचे’ असे म्हणणे शरीयतला चालत नाही. ‘बावीस ऑर्डरी पूर्ण कर, तेवीसावी मिळेल की नाही ते आमच्या यंत्रावर’ असे म्हणणे त्याहून कितीसे वेगळे आहे?

कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, असे त्यांचे वर्णन आहे. मुस्लिम शहरांतून पुढे ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी नेमला जाऊ लागला. तो बाजारात फिरे, वजने-मापे तपासे, खोटा तराजू धरलेल्याला शिक्षा करी. ‘तराजू माझा आहे, तो कसा चालतो ते माझे व्यापारी गुपित आहे’ असे सांगून त्याच्यापुढे कुणाला सुटता येत नसे.

ही गोष्ट केवळ मुसलमानांची नाही. आपल्या महाराष्ट्र सरकारचा वैधमापन विभाग आजही किराणा दुकानाच्या काट्यावर शिक्का मारतो. रिक्षाचे मीटर घ्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये आणि काळी-पिवळी टॅक्सीचे २८ वरून ३१ रुपये झाले. ते परिवहन प्राधिकरणाने ठरवले, जाहीर केले आणि मग एकेक मीटर नव्या दराप्रमाणे जुळवून तपासून घ्यावे लागले. रिक्षावाल्यांच्या संघटनांनी त्यासाठी निवेदने दिली, बैठका केल्या. त्यांना भांडायला पत्ता होता. तोच रिक्षावाला ॲपवर गेला की त्याच रस्त्यावर, त्याच अंतराला, त्याला मिळणारे पैसे एक असे मीटर ठरवते ज्याच्यावर कुणाचाच शिक्का नाही. पावशेर डाळीच्या काट्याला सरकारी शिक्का लागतो आणि लाखो माणसांची रोजी मोजणाऱ्या काट्याला लागत नाही, हे कुठल्या न्यायात बसते?

पेटी उघडता येते

‘अल्गोरिदम गुंतागुंतीचा असतो, तो उघडून दाखवता येत नाही’ असे सांगितले जाते. जगातल्या न्यायालयांनी हे ऐकून घेतलेले नाही. इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२० रोजी डिलिव्हरू कंपनीच्या रायडरांची प्रतवारी लावणाऱ्या पद्धतीवर निकाल दिला. नोंदवलेल्या पाळीला न आलेल्या रायडरचा क्रमांक ती पद्धत खाली ढकलत असे. तो आजारी होता की संपावर होता की उगाच आला नाही, हे ती पाहतच नसे. न्यायालयाने म्हटले, हा भेदभाव आहे. कामगार संघटनांना ५० हजार युरो भरपाई द्यायला लावली. सगळ्यांना एकाच मापाने मोजणे नेहमीच न्याय्य नसते आणि संपाच्या हक्काला शिक्षा करणारे माप तर मुळीच नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

नेदरलँड्समध्ये ॲम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये उबर आणि आपल्या बेंगळुरूची ओला या कंपन्यांविरुद्ध चालकांच्या बाजूने महत्त्वाचे निर्णय दिले. यंत्राने परस्पर कामावरून काढणे, त्यावर माणसाचा नावापुरता अंगठा उठवणे, चालकाला ‘फसवणुकीची शक्यता’ म्हणून गुण देणे आणि ते त्याच्यापासून लपवणे, हे चालणार नाही, असा त्यांचा आशय होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९ फेब्रुवारी २०२१ रोजीच यासीन अस्लम आणि जेम्स फरार या चालकांच्या खटल्यात उबरचे चालक हे कामगार आहेत, असे ठरवले होते. भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, रेटिंगने लगाम कंपनी घालते, मग स्वतंत्र व्यावसायिक कसले, असा सरळ युक्तिवाद होता. स्पेनने २०२१ च्या कायद्याने कामगारांच्या प्रतिनिधींना अल्गोरिदमचे निकष जाणून घेण्याचा हक्क दिला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ॲपवरच्या कामासाठी निर्देश काढला, तो सदस्य देशांनी डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा आहे.

म्हणजे ओलाला चालकापुढे हिशेब ठेवायला ॲम्स्टरडॅमच्या न्यायालयाने लावले. मुंबईच्या चालकाला तो मागण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा वेगळा हक्क दिलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि गिग कामगार हा शब्द पहिल्यांदा देशाच्या कायद्यात आला. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. विमा मिळेल, कार्ड मिळेल, ते स्वागतार्ह आहे. पण आयडी का बंद झाली, हे विचारण्याचा हक्क विम्यात येत नाही.

राज्यांपैकी राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. त्याची अंमलबजावणी पुढे रेंगाळली. कर्नाटकाचा २०२५ चा कायदा एक पाऊल पुढचा आहे. कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस, यंत्र कोणत्या निकषांवर काम वाटते आणि पैसे ठरवते याची माहिती, तक्रारीसाठी बोलता येईल असा माणूस, या गोष्टी त्याने कंपन्यांवर बंधनकारक केल्या.

महाराष्ट्राने आपलाच धडा आठवावा

गंमत अशी की या कायद्यांमागची कल्पना मुळात महाराष्ट्राची आहे. साठीच्या दशकात मुंबईच्या बाजारांत, गोदामांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडींना व्यापारी काय सांगत? हा माझा नोकर नाही. आज माझ्याकडे पोते उचलतो, उद्या शेजाऱ्याकडे. आजच्या कंपन्यांचा युक्तिवाद शब्दशः हाच आहे. अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याने ‘खरा मालक कोण?’ या वादात वेळ घालवला नाही. कामगार, मालक आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ केले. ज्याचा माल उचलला जाईल त्याने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, मंडळ कामगाराला मजुरी देणार आणि त्याच्या भविष्य निर्वाह निधीपासून दवाखान्यापर्यंतचे पाहणार. दर तिघांनी मिळून ठरवायचे. पोत्यांचा हिशेब मंडळाच्या वहीत सगळ्यांना दिसायचा.

पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी गेले. आयुष्यभर त्यांनी सांगितले की कष्टकऱ्याला दया नको, हिशेब हवा. त्यांच्या जाण्यानंतर तीन आठवड्यांच्या आत देशातले रायडर त्याच मागणीसाठी रस्त्यावर आले. पाठीवरचे पोते गेले आणि तिथे चौकोनी पिशवी आली. बाकी कहाणी तीच आहे.

मग महाराष्ट्राने काय करावे? माथाडीच्या धर्तीवर ॲपवरच्या कामगारांचे मंडळ स्थापन करावे आणि प्रत्येक ऑर्डरची, प्रत्येक फेरीची नोंद त्या मंडळाकडे जावी. हॉटेलाबाहेर ताटकळण्याचा आणि रिकाम्या परतीचा वेळ धरून दर ऑर्डरचा किमान मोबदला ठरवावा. तो बदलायचा असेल तर आधी कळवावे. लेखी कारण आणि माणसासमोर सुनावणी झाल्याशिवाय आयडी बंद होऊ नये. आंदोलनाच्या दिवशी गैरहजर राहिल्याचा परिणाम रेटिंगवर किंवा काम मिळण्यावर होता कामा नये. संघटनेला आपल्या सभासदांच्या कामाची आणि मोबदल्याची माहिती एकत्र मागण्याचा हक्क असावा, म्हणजे ‘सगळ्यांना समान दर’ या मागणीला पुन्हा पाया मिळेल. आणि मीटरप्रमाणे या हिशेबाची दरवर्षी सरकारी तपासणी व्हावी. कंपनीला सूत्र जगासमोर ठेवायचे नसेल, तर तपासणाऱ्या यंत्रणेसमोर ठेवावे. काटा कसा बनवला, हे दुकानदाराचे गुपित राहू द्या. तो बरोबर तोलतो की नाही, हे गुपित राहू शकत नाही.

याने ऑर्डर महाग होईल, असे कुणी म्हणेल. थोडी होईल. जी बिर्याणी आपण घरपोच मागवतो, तिच्या किमतीत वाहून आणणाऱ्याची रास्त मजुरी धरलेली नसेल, तर ती स्वस्ताई त्याच्या खिशातून आलेली असते. रमजानमध्ये आपण जकातीचा पैसा नि पैसा हिशेबाने काढतो. आपल्या कमाईत दुसऱ्याचा हक्क राहू नये, ही त्यामागची भावना आहे. पण जकात ही गरजूची असते आणि मजुरी ही कमावणाऱ्याची. राबणाऱ्या धडधाकट माणसाला जकातीच्या रांगेत उभे राहावे लागत असेल, तर कुणीतरी त्याची मजुरी कमी तोललेली आहे. रायडरला पाणी द्या, त्याला लिफ्ट वापरू द्या, पाच तारे द्या, जमेल तर हातावर दहा-वीस रुपयेही ठेवा. एवढे करून भागले असे मात्र समजू नका.

आपल्या भागातले आमदार या महिन्यात इफ्तारच्या कार्यक्रमांना येतील, ईदच्या शुभेच्छांचे फलक लावतील. त्यांना खजूर देताना एकच विचारा, १९६९ मध्ये हमालांसाठी जे या विधिमंडळाने केले, ते या मुलांसाठी कधी करणार? तारीख विचारा. आणि पुढच्या रमजानला पुन्हा भेटतील, तेव्हा ती तारीख त्यांच्यासमोर ठेवा.